देवीचे रुग्णालय आणि शेजारचे घर

घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस पडीक जागा, अशा चार ओळी लिहिल्या की दस्तऐवज पुरा होतो. या चार ओळींत शेजाराचे वर्णन असते. शेजाराची हमी नसते. आज उत्तरेस पडीक असलेल्या जागेवर उद्या शाळा उठेल, आगगाडीचे स्थानक होईल, तुरुंग बांधला जाईल की सांसर्गिक रोगांचे रुग्णालय उभे राहील, हे खत लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक नसते आणि पैसे मोजणाऱ्यालाही नसते. या साऱ्या सार्वजनिक सोयी होत. नगराला त्यांच्यावाचून चालत नाही. त्या असाव्यात याविषयी कोणाचे दुमत नसते; आपल्या कुंपणाला लागून नसाव्यात, एवढीच प्रत्येकाची अट असते.

ही अट जुनीच आहे. परंतु ती न्यायासनासमोर नेऊन तिचा निकाल मागण्याचा जो प्रसंग लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला, त्याला एक वेगळे महत्त्व आहे. कारण त्या वादातील एक शेजारी ही साधी असामी नव्हती. सार्वजनिक हित म्हणजे काय, हे साऱ्या जगाला ज्याने प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले होते, असा तो एक थोर लोकसेवक होता.

सर रोलंड हिल यांचे नाव टपालाच्या इतिहासात अजरामर झाले आहे. १८३७ साली त्यांनी टपालसुधारणेवर एक लहानशी पुस्तिका लिहिली. पत्र किती मैल गेले यावर हशील न आकारता वजनावर आकारावे, तेही पाठवणाऱ्याने आगाऊ भरावे, आणि अंतर कितीही असले तरी अर्ध्या औंसाच्या पत्रास एकच पेनी घ्यावी, असा त्यांचा मुद्दा होता. खात्यातील जुन्याजाणत्यांनी तो हसण्यावारी नेला. परंतु १८४० च्या जानेवारीत पेनी टपाल सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात जगातील पहिले चिकट तिकीट वापरात आले. हिंदुस्थानातही १८५४ साली, डलहौसीच्या कारकीर्दीत, पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर ठरला, तो याच विचाराचे फळ होते. कोकणातील आईला मुंबईच्या गिरणीतून मुलाचे पत्र येऊ लागले, त्यामागे या गृहस्थाचे गणित होते असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यांचे अंतर थोडे त्यांनी, ज्यांचे अंतर फार त्यांचा भार थोडा थोडा उचलावा, असे त्या गणिताचे सार होते.

हे हिल हॅम्पस्टेड येथे राहत. लंडनच्या वायव्येस टेकडीवर वसलेले हे गाव त्या काळी आपल्या स्वच्छ हवेबद्दल प्रसिद्ध होते. शहरातील कोळशाच्या धुराला कंटाळलेले व्यापारी, वकील, चित्रकार, निवृत्त अधिकारी पदरचे चार पैसे अधिक मोजून तेथे घर घेत. आणि ते पैसे मुख्यतः हवेचे असत. बर्ट्रम हाउस या नावाच्या घरात हिल यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध घालवला. बागेच्या पलीकडे मोकळी जमीन होती. खरेदीखताच्या भाषेत बोलायचे तर, त्या बाजूची सीमा पडीक होती.

इकडे लंडनच्या गरीब वस्त्यांत निराळेच चित्र होते. निराधार आजाऱ्याला वर्कहाउसमध्ये, म्हणजे कंगालांना कामावर जुंपून पोसणाऱ्या त्या प्रसिद्ध आणि अप्रिय संस्थेत, इतर सर्वांबरोबर एकाच दालनात ठेवीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १८६५ च्या सुमारास या दालनांची पाहणी करून जे छापले, त्याने सुखवस्तू लंडन हादरले. त्यातूनच १८६७ साली गॅथॉर्न हार्डी या मंत्र्याने एक कायदा पार्लमेंटकडून संमत करून घेतला आणि मेट्रोपोलिटन असायलम्स बोर्ड हे मंडळ अस्तित्वात आले. लंडनमधील सर्व पॅरिशांनी मिळून खर्च सोसावा आणि त्यातून ताप, देवी आणि वेड यांनी पीडित झालेल्या गरिबांसाठी रुग्णालये बांधावीत, अशी योजना होती. श्रीमंत पॅरिशने गरीब पॅरिशचा भार वाटून घ्यावा हे तत्त्व येथेही होतेच. पेनी टपालाच्या जनकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते.

मंडळाने लंडनच्या तीन दिशांना तीन जागा निवडल्या. पूर्वेस होमर्टन, दक्षिणेस स्टॉकवेल आणि वायव्येस हॅम्पस्टेड. हॅम्पस्टेडची जागा हिल यांच्या बागेला लागून होती. १८७० च्या आरंभी पुनरावर्ती तापाची साथ आली, तेव्हा तेथे पत्र्याच्या तात्पुरत्या इमारती घाईघाईने उभारून रुग्ण घेण्यास सुरुवात झाली. ती साथ लवकरच ओसरली. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच देवी आली.

१८७१ सालची देवीची साथ ही युरोपातील त्या शतकातील भयंकर साथींपैकी एक होय. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धातील सैन्यांच्या आणि निर्वासितांच्या हालचालींबरोबर ती सर्वत्र पसरली. एकट्या लंडनमध्ये त्या एका वर्षात सुमारे आठ हजार माणसे दगावली. इंग्लंडात अर्भकांना देवी काढणे १८५३ पासून सक्तीचे होते, तरी ही गत झाली. हॅम्पस्टेडच्या पत्र्याच्या इमारती भरून वाहू लागल्या. रोग्यांना भाड्याच्या घोडागाड्यांतून आणीत. त्यांच्या मागोमाग नातेवाईक येत. बरे झालेले रोगी, चेहऱ्यावरचे व्रण पुरते सुकले न सुकले तोच, त्याच रस्त्याने पायी परतत. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी दारे लावून घेतली.

शेजाऱ्यांचे भय खोटे होते असे आज कोणी म्हणू नये. देवी हा हवेतून आणि स्पर्शाने पसरणारा रोग होता आणि त्याच्यावर औषध नव्हते, ते अखेरपर्यंत सापडले नाही. घराची किंमत घसरली हे तर उघडच होते. ज्या हवेसाठी पैसे मोजले होते तिचीच भीती वाटू लागली होती. दुसऱ्या बाजूला, मंडळाच्या कारभाऱ्यांचे म्हणणेही तितकेच सरळ होते. हे रोगी कोठे तरी ठेवलेच पाहिजेत. त्यांना व्हाइटचॅपेलच्या एका खोलीत आठजणांत झोपू द्यावे, की टेकडीवर मोकळ्या हवेत वेगळे ठेवावे? साथ ओसरली, रुग्णालय काही काळ मिटले. परंतु १८७६ साली देवी पुन्हा उसळली आणि ते पुन्हा उघडले. तेव्हा मात्र शेजारी न्यायालयात गेले. हा दावा कायद्याच्या ग्रंथांत ‘हिल’ या नावानेच ओळखला जातो. सर रोलंड स्वतः १८७९ च्या ऑगस्टमध्ये त्याच घरात वारले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले. अंतिम निवाडा ऐकण्यास ते उरले नव्हते.

ज्यूरीने रुग्णालय हा उपद्रव असल्याचा कौल दिला. त्यावर मंडळाचा बचाव असा होता की, उपद्रव असेलही. परंतु आम्ही जे केले ते पार्लमेंटच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात केले, आणि कायद्याने सांगितलेले काम काळजीपूर्वक करणाऱ्यावर दावा चालत नाही. हा बचाव पोकळ नव्हता. आगगाडीच्या बाबतीत तो पूर्वी यशस्वी झाला होता. रुळाशेजारच्या घरांना गाड्यांच्या धक्क्यांनी हादरे बसले तरी, वाफेची इंजिने अमुक मार्गाने चालवावीत असे पार्लमेंटनेच ठरवले असल्यामुळे घरमालकाला काही मिळत नाही, असे उमरावांच्या सभेने १८६९ साली म्हटले होते.

१८८१ च्या मार्चमध्ये लॉर्ड सेल्बर्न, लॉर्ड ब्लॅकबर्न आणि लॉर्ड वॉटसन यांनी हा बचाव फेटाळला. त्यांची विचारसरणी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पार्लमेंटने रुग्णालये बांधण्याची परवानगी दिली, हे खरे. पण ती हॅम्पस्टेडलाच बांधावीत असे कोठे म्हटले आहे? जागा निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाला होते. सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार त्याला दिलेला नव्हता, आणि शेजाऱ्याला भरपाई देण्याची तरतूदही नव्हती. जेथे कायदा एखाद्याचा हक्क हिरावून घेऊ इच्छितो, तेथे तो तसे स्पष्ट शब्दांत सांगतो आणि बहुधा मोबदलाही ठरवतो. जेथे तो दोन्ही बाबतींत मौन पाळतो, तेथे त्याचा अर्थ इतकाच की, हे काम करा, पण कोणाचा हक्क न मोडता करण्याजोगी जागा मिळाली तर करा. परवानगी आणि आज्ञा यांतील हा भेद त्या दिवसापासून इंग्रजी कायद्यात पक्का झाला. दाव्यातील इतर मुद्दे पुढेही काही काळ चालत राहिले, पण मुख्य गोष्ट ठरून गेली होती.

न्याय म्हणून पाहता या निवाड्यात दोष काढणे कठीण आहे. साऱ्या लंडनच्या भल्यासाठी दोन-तीन घरांनीच आपली हवा, आपले स्वास्थ्य आणि आपली मिळकत का द्यावी? किंबहुना, ज्या माणसाने आयुष्यभर भार सर्वांनी वाटून घ्यावा असा आग्रह धरला, त्याच्या नावाने हा दावा चालावा यात विसंगती नाही, सुसंगतीच आहे. तथापि न्यायासनापुढे एक पक्षकार हजरच नव्हता. तो म्हणजे देवीचा रोगी.

त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मंडळाची एकामागून एक रुग्णालये शेजाऱ्यांच्या रोषाला पात्र झाली. त्याच सुमारास फुलहॅम येथील देवीच्या रुग्णालयाभोवती डब्ल्यू. एच. पॉवर या सरकारी वैद्यकीय निरीक्षकाने नकाशावर एकात एक वर्तुळे काढून, एक मैलापर्यंतच्या कोणत्या वर्तुळात किती घरांना देवी आली याची मोजदाद केली. रुग्णालयाच्या निकटच्या वर्तुळात प्रमाण सर्वांत अधिक आणि बाहेर जावे तसे ते उतरत गेलेले, असे त्यांना आढळले. रोगबीज हवेतूनच दूरवर जाते असे पॉवर म्हणत. गाड्यांची आणि भेटीस येणाऱ्यांची वर्दळ हेच कारण आहे असे त्यांचे विरोधक म्हणत. वाद मिटला नाही, पण वर्तुळे लोकांच्या ध्यानात राहिली. १८८१ साली नेमलेल्या राजनियुक्त आयोगाने देवीचे रोगी शहराबाहेर हलवावेत अशी शिफारस केली.

शहराबाहेर म्हणजे कोठे? ज्या गावाला विचारावे ते गाव नको म्हणणार. अखेर जेथे शेजारीच नाही अशी एक जागा सापडली. ती होती थेम्स नदी. ‘ॲटलस’ आणि ‘एन्डिमिऑन’ ही आरमारातील दोन जुनी लढाऊ जहाजे १८८१ मध्ये ग्रिनिचजवळ नांगरून त्यांचे रुग्णालय करण्यात आले. आणि ग्रिनिचकरांनीही हरकत घेतल्यावर ती लंडन ब्रिजच्या सतरा मैल खाली, लाँग रीच येथील दलदलीच्या काठी नेण्यात आली. तेथे ‘कॅस्टेलिया’ नावाचे तिसरे जहाज त्यांना येऊन मिळाले. रोग्याला शहरातील धक्क्यावरून आगबोटीत घालीत आणि नदीतून कित्येक तास खाली नेत. ऐन तापात, हिवाळ्याच्या वाऱ्यात, हा प्रवास काय असेल याची कल्पना करावी. सुमारे वीस वर्षे लंडनच्या देवीच्या रोग्यांचे हेच रुग्णालय होते. हॅम्पस्टेडच्या बागेवरून उचललेला भार नाहीसा झाला नव्हता. तो नदीमार्गे ज्याला वकील देता येत नव्हता त्याच्या अंगावर जाऊन पडला होता.

हिल यांच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद होती. घर आधी होते, रुग्णालय मागून आले. परंतु उलट घडले तर? सार्वजनिक संस्था तेथे पिढ्यान्पिढ्या आहे, आणि तिच्याशेजारी डोळे उघडे ठेवून कोणी घर घेतले, तर त्याने तक्रार करावी काय? सामान्य व्यवहारबुद्धी म्हणेल की करू नये. मुंबईच्या मलबार टेकडीवर पारशांचा पहिला दोखमा सतराव्या शतकात उभा राहिला, तेव्हा तेथे रान होते. बंगले त्याच्याकडे चालत आले, तो बंगल्यांकडे गेला नाही. येरवड्याचा तुरुंग १८७१ साली बांधला तेव्हा पुणे नदीपलीकडे होते. शहरे नेहमी असेच करतात. जे नको ते वेशीबाहेर ठेवतात आणि मग वेसच पुढे नेतात.

इंग्रजी न्यायाधीशांनी मात्र येथे व्यवहारबुद्धीला धक्का देणारी भूमिका घेतली आहे. १८३८ साली चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्या एका कारखानदाराने, मी येथे आधी आलो, दुर्गंधी सोसवत नव्हती तर शेजारी राहण्यास यावयाचे नव्हते, असा जबाब दिला. मुख्य न्यायमूर्ती टिंडल यांनी तो मानला नाही. घर घेणारा घराबरोबर शुद्ध हवेचा हक्कही घेऊन येतो, असे त्यांचे म्हणणे पडले. वरकरणी हे विचित्र वाटते, पण त्याला कारण आहे. आधी येणाऱ्याचेच चालावे असे म्हटले, तर एक दुर्गंधीचा कारखाना भोवतालच्या सगळ्या मोकळ्या जमिनीवर फुकट ताबा सांगेल; ती जमीन कधी राहण्यालायक होणारच नाही, आणि तिच्या मालकाला त्याचा एक छदामही मिळणार नाही.

या नियमाची कसोटी १९७७ साली एका क्रिकेटच्या मैदानावर लागली. डरहॅम परगण्यातील लिंट्झ या खाणकामगारांच्या गावात १९०५ पासून क्रिकेट खेळले जात होते. मैदानाच्या कडेची जमीन विकली गेली, घरे झाली, आणि १९७२ मध्ये एका दांपत्याने त्यांतील एक घेतले. मग षटकार त्यांच्या बागेत येऊ लागले. खालच्या न्यायालयाने खेळावर मनाई केली. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी गावातल्या उन्हाळ्याचे आणि क्रिकेटचे रसभरित वर्णन करून क्लबाची बाजू उचलून धरली. उरलेल्या दोघा न्यायमूर्तींचे मत असे की, जुन्या नियमाप्रमाणे हा उपद्रवच होय. परंतु त्या दोघांपैकी एकाने मनाई मात्र नको म्हटले, आणि अखेर खेळ चालू राहिला. दांपत्याला चारशे पौंड मिळाले. उपद्रव मान्य, भरपाई मान्य, बंदी अमान्य, असा हा तोडगा होता. हिल यांच्या खटल्यात मंडळाच्या कायद्यात भरपाईची तरतूद असती, तर कदाचित ती जहाजे थेम्समध्ये नांगरावी लागली नसती, असा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

अगदी अलीकडचा निवाडा २०२३ च्या फेब्रुवारीतील आहे, आणि तो रोगाचा नाही, दृष्टीचा आहे. थेम्सच्या दक्षिण काठावरील एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात २००० साली टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडले. त्याच्या शेजारी भिंतीऐवजी जमिनीपासून छतापर्यंत काच असलेली सदनिकांची उंच इमारत उभी राहिली आणि धनिकांनी ती घरे घेतली. २०१६ साली संग्रहालयाच्या नव्या इमारतीत दहाव्या मजल्यावर सर्वांना विनामूल्य खुला असा सज्जा झाला. वर्षाकाठी लाखो लोक तेथून लंडन पाहू लागले. आणि सुमारे पस्तीस मीटरवर समोरच्या घरातील माणसे जेवताना, वाचताना, मुलांशी खेळतानाही पाहू लागले, कोणी दुर्बिणीतून, कोणी छायाचित्रे काढून. पडदे लावा, असा सल्ला पहिल्या न्यायाधीशाने रहिवाशांना दिला. काचेचे घर घेणाऱ्याला हे ऐकून घ्यावेच लागेल, असे पुष्कळांना वाटले. सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो सल्ला मोडून काढला. लॉर्ड लेगॅट यांनी या रहिवाशांची स्थिती प्राणिसंग्रहालयातील जीवांसारखी असल्याचे म्हटले, आणि सार्वजनिक हिताचा विचार उपद्रव आहे की नाही हे ठरवताना करावयाचा नाही, त्यावर उपाय कोणता करावा हे ठरवताना करावयाचा, असा दंडक सांगितला. १८८१ सालीच हा दंडक इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितला गेला असता तर बरे झाले असते.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबतो. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने ज्याची जमीन सरकारने घेतली त्याला मोबदला मिळे, आणि त्याच्याच उरलेल्या जमिनीला धोका पोहोचला तर त्याचाही विचार होई. पण ज्याची एक गुंठाही जमीन गेली नाही, मात्र जिच्या उत्तरेस पडीक जागेच्या ठिकाणी कचऱ्याचे मैदान आले, त्या घराच्या मालकाला त्या कायद्यात स्थान नव्हते. २०१३ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मोबदला वाढला, पुनर्वसनाची सोय झाली आणि संपादित जमिनीवर पोट भरणाऱ्या भूमिहीनांचाही त्यात विचार झाला. कुंपणापलीकडचा शेजारी मात्र अजून कुंपणापलीकडेच आहे.

हॅम्पस्टेडची ती जागा पुढेही रुग्णालयाचीच राहिली. देवीचे रोगी गेल्यावर तेथे तापाचे रुग्णालय चालले. १९४८ साली ते राष्ट्रीय आरोग्य सेवेत आले, आणि १९७४ मध्ये तेथे रॉयल फ्री रुग्णालयाची प्रचंड काँक्रीटची इमारत उघडली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा जगातून नायनाट झाल्याचे जाहीर केले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलाची बाधा झालेल्या एका इंग्रज परिचारकाला विमानाने लंडनला आणले, तेव्हा त्याला याच रुग्णालयातील विलगीकरण कक्षात, पारदर्शक तंबूने वेढलेल्या खाटेवर ठेवण्यात आले. सुमारे दहा दिवसांनी तो बरा होऊन बाहेर पडला. भोवतालची घरे आज लंडनमधील सर्वांत महागड्या घरांत मोडतात.